आनंदीबाई जोशी

आनंदी गोपाळ जोशी (माहेरचे नाव यमुना, ३१ मार्च १८६५, पुणे – २६ फेब्रुवारी १८८७, पुणे) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांपैकी एक होत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्त्यातून उत्तीर्ण झाल्या. प्राचीन भारतीय प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या पदवी-प्रबंधाचा विषय होता. मायदेशी परतल्यावर अवघ्या काही महिन्यांत क्षयाने त्यांचे निधन झाल्यामुळे त्यांना प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करता आला नाही. लोकप्रिय लेखनात हा तपशील पुष्कळदा गाळला जातो.

बालपण आणि विवाह

यमुनेचा जन्म पुण्याचा असला, तरी तिचे घराणे कल्याणचे. गणपतराव अमृतेश्वर जोशी हे तिचे वडील आणि गंगाबाई या आई. घराण्याला एकेकाळी जमीनजुमला होता. यमुनेच्या जन्माच्या सुमारास ती संपन्नता ओसरली होती. त्या काळी कल्याण आणि त्याला लागून असलेला कर्जत तालुका हे दोन्ही ठाणे जिल्ह्यात मोडत. कर्जत १८९१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडले गेले. कल्याणहून निघणारी लोहमार्गाची शाखा १८५६ मध्ये खालापूर भागातील खोपोलीपर्यंत पोहोचली होती आणि १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून गाडी पुण्याला जाऊ लागली होती. आनंदीबाईंच्या अल्पायुष्याची दोन टोके, कल्याण आणि पुणे, या मार्गाने जोडलेली होती, आणि कर्जतचे स्थानक त्या दोहोंच्या मधले.

१८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह गोपाळराव विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते, तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि कल्याणच्या टपाल कचेरीत कारकून होते. विवाहानंतर यमुनेची आनंदी झाली. बायकोला शिकवायचे हा गोपाळरावांचा निश्चय होता. लोकहितवादींच्या शतपत्रांचा त्यांच्यावर प्रभाव होता. मात्र या निश्चयाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अभ्यासात हयगय झाली म्हणून त्यांनी आनंदीला मारहाण केल्याचे उल्लेख तिच्याच पत्रांत आहेत. पुढे अमेरिकेतून लिहिताना तिने या वागणुकीचा जाब शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत विचारला. त्यामुळे सुधारक पती आणि कृतज्ञ पत्नी हे कथा-कादंबऱ्यांतील सरळ चित्र या पत्रांशी जुळत नाही.

अपत्याचा मृत्यू

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून सांगितले जाते, आणि डॉक्टर होण्याच्या त्यांच्या निर्णयाचे मूळ याच घटनेत शोधले जाते. त्या काळच्या बाळंतपणाची रीत पाहता यात अतिशयोक्ती नाही. बाळंतिणीची खोली अंधारी आणि बंद असे, मदतीला सुईण असे. पुरुष डॉक्टर गावात असला, तरी त्याच्यासमोर स्त्री जात नसे आणि तिच्या घरचेही तिला जाऊ देत नसत. स्त्री-डॉक्टर तर नव्हतीच. वेळ भरत आली आणि कळा सुरू झाल्या नाहीत, किंवा सुरू होऊन थांबल्या, तर घरात जे असेल आणि वडीलधाऱ्या बायकांना जे ठाऊक असेल तेच औषध ठरे.

बदल्या आणि अमेरिकेचा निर्णय

गोपाळरावांच्या नोकरीत बदल्या फार. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर अशी गावे या दांपत्याने पालथी घातली. पत्नी रस्त्याने पतीबरोबर चालत शाळेत वा फिरायला जाते म्हणून लोकांनी त्यांना त्रास दिल्याचे अनेक प्रसंग चरित्रग्रंथांत आले आहेत.

कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा व्यक्त केली आणि हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तो अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पडला. त्यांनी १८८० मध्ये आपण होऊन पत्र पाठवले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. दोघींची पत्रे हे आज आनंदीबाईंच्या अंतरंगाचे सर्वांत विश्वसनीय साधन आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. भारतीय स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला तयार नसतात, म्हणून या देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परतू, असे त्यांनी त्यात मांडले. गोपाळरावांना रजा मिळणे शक्य नव्हते. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई काही मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या.

फिलाडेल्फियातील शिक्षण

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. रेचल बॉडली या तेथील अधिष्ठात्री होत्या. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. कलकत्त्यापासूनच ताप आणि डोकेदुखी पाठीशी लागली होती. फिलाडेल्फियाच्या थंडीत ती बळावली. जपानच्या केको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासह १८८५ मध्ये काढलेले, तिघींच्या आपापल्या पोशाखातील छायाचित्र प्रसिद्ध आहे. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

प्रबंधाचा विषय

आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंचा प्रबंधविषय. संस्कृत वैद्यकातील विचार आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील ज्ञान अशी दोन्ही साधने त्यांनी वापरली. वीस वर्षांच्या परदेशी विद्यार्थिनीने आपल्या परीक्षकांसमोर हा विषय ठेवावा, याला अर्थ आहे. आपल्या देशातील बाळंतपणाची दुरवस्था पाहून त्या निघाल्या होत्या. तरीही आपली परंपरा म्हणजे केवळ अज्ञान असे त्यांनी मानले नाही.

संस्कृत ग्रंथ मुळातून पाहिले, तर बाळंतपण लवकर व्हावे म्हणून केलेल्या उपायांच्या धोक्याचा विचार तेथे जुनाच आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात एक वाद आला आहे. कळा येऊनही प्रसूती होत नसेल, तर स्त्रीला उठवून उखळात धान्य कांडायला लावावे, असे काहींचे मत तेथे दिले आहे. आत्रेय ते फेटाळतात. गर्भिणीला कष्टाचे काम नेहमीच वर्ज्य आहे. त्यातही प्रसूतीच्या वेळी शरीर नाजूक अवस्थेत असताना मुसळाच्या श्रमाने वात खवळून तिचा जीव जाऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. चालणे-फिरणे आणि जांभई देणे मात्र ते मान्य करतात. त्याच अध्यायात, कळ नसताना जोर करू नये, असे बजावले आहे. शिंक वा ढेकर आपोआप येत नसताना ओढूनताणून आणता येत नाही, तसेच हे. उलट अवेळी केलेला जोर व्यर्थ जातो आणि मुलाला अपाय करतो. आजच्या प्रसूतिकक्षातील परिचारिकाही बाळंतिणीला याहून फारसे वेगळे सांगत नाही.

अमेरिकेत त्याच काळी दुसऱ्या दिशेने हाच धडा शिकून झाला होता. राईच्या कणसावर वाढणारी अर्गट ही बुरशी युरोपातील सुइणी कळा वाढवण्यासाठी वापरत. न्यूयॉर्क राज्यातील जॉन स्टर्न्स या डॉक्टरने १८०८ मध्ये तिची शिफारस केल्यावर डॉक्टरही ती देऊ लागले. गर्भाशय इतके घट्ट आवळले जाई की मूल पोटातच गुदमरे किंवा गर्भाशय फाटे. १८२० च्या दशकात डेव्हिड होसॅक यांनी मृत जन्मांच्या वाढत्या संख्येकडे लक्ष वेधले, आणि पुढे अर्गटचा उपयोग मूल बाहेर आल्यानंतरचा रक्तस्राव थांबवण्यापुरता मर्यादित झाला. तेव्हा चूक केवळ सुइणींची नव्हती. मात्रा मोजता येत नाही आणि दिलेले परत घेता येत नाही, असे औषध कोणीही दिले तरी घातकच.

कर्जत-खालापूर आणि कळलावी

आनंदीबाईंनी ज्या प्रश्नासाठी शिक्षण घेतले, तो त्यांच्या माहेरच्या परिसरात आजही पूर्णपणे संपलेला नाही. माथेरानच्या पायथ्याशी, नेरळपासून खोपोलीपर्यंत, पावसाळ्यात कुंपणांवर आणि झुडपांत एक वेल फुलते. फूल आधी पिवळे-हिरवट आणि मग लालभडक, पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. हीच कळलावी. कळा लावणारी म्हणून हे नाव पडले. भांडणे लावणाऱ्या माणसालाही मराठीत हाच शब्द वापरतात. संस्कृतात ही लांगली. चरकाने प्रसूतीच्या वेळी हुंगायला सांगितलेल्या चूर्णात ती आहे. सुश्रुताने वार पडत नसल्यास तिच्या मुळाचा लेप तळहात-तळपायांना लावायला सांगितला आहे. दोन्ही ठिकाणी कळा सुरू झाल्यानंतरची, पोटात न घेता करायची योजना आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या वेलीच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते. कंद वाळवल्याने वा उकळल्याने ते निरुपद्रवी होत नाही. पोटात गेल्यावर काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात, नंतर मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा निकामी होऊ शकतात. जे वाचतात त्यांचे केस गळतात. कंद रताळ्यासारखा दिसत असल्याने चुकून खाल्ल्यानेही विषबाधा झाल्या आहेत. प्रसूती लवकर व्हावी म्हणून तो पोटात देणे किंवा योनिमार्गात ठेवणे म्हणजे आईच्या जिवाशी खेळणे होय.

इतर घरगुती उपाय इतके विषारी नाहीत, पण सगळेच निर्धोकही नाहीत. एरंडेल हा त्यांतला सर्वांत प्रचलित. त्यातील रिसिनोलेइक आम्ल आतड्याप्रमाणेच गर्भाशयाच्या स्नायूंवरही परिणाम करते, म्हणून या समजुतीला काही आधार आहे. परंतु २०१३ मध्ये तीन चाचण्यांतील २३३ स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्याच्या उपयुक्ततेविषयी ठाम निष्कर्ष निघाला नाही. एरंडेल घेतलेल्या साऱ्या स्त्रियांना मळमळ झाली एवढे मात्र स्पष्ट झाले. जुलाबांनी अंगातले पाणी गेलेली स्त्री कळा सोसायला दुबळी ठरते. कच्च्या पपईच्या चिकाने उंदराच्या गर्भाशयाचे आकुंचन होते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पिकलेल्या पपईने तसे होत नाही. तूप घातलेले गरम दूध, शोपा-जिऱ्याचा काढा आणि अंगणात फेऱ्या मारणे यांनी बहुधा अपाय होत नाही, आणि कळा आणण्याची त्यांची शक्तीही तेवढीच. पोट जोराने चोळणे वा वरून दाबणे मात्र धोक्याचे आहे.

उपायापेक्षा परिस्थितीत धोका अधिक असतो. मूल आडवे असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल किंवा आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल, तर जोरदार कळा आणणारी कोणतीही गोष्ट प्राणघातक ठरू शकते, आणि यांपैकी बरेचसे घरच्या घरी कळत नाही. शिवाय दिवस भरले असे वाटणे आणि खरोखर भरणे यांत फरक असतो. पाळीची तारीख सणावाराच्या आठवणीवरून धरली, तर हिशेब सहज दोन-तीन आठवड्यांनी चुकतो आणि अपुऱ्या दिवसांचे मूल जन्माला येते. गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात ४१ आठवडे पूर्ण होण्याआधी कळा आणू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. त्यानंतर रुग्णालयात ऑक्सिटोसिनचे सलाईन लावतात, तेव्हा मुलाचे ठोके ऐकत राहता येतात आणि ठोके मंदावले तर सलाईन बंद करता येते. एरंडेलाचा पेला एकदा प्यायल्यावर अशी सोय उरत नाही. पाणी जाणे, रक्त जाणे, मुलाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी किंवा नजर अंधुक होणे यांपैकी काहीही झाल्यास कोणताही उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे, असे प्रसूतितज्ज्ञ सांगतात.

महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात. २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना आणि २०११ पासूनची मोफत वाहनसेवा यांचा यात वाटा आहे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण उरलेल्या पाच टक्क्यांचा विचार करताना डोंगरउतारावरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्या डोळ्यांसमोर येतात. त्यांतल्या काही वाड्यांपर्यंत गाडीरस्ता नाही. पावसात ओढा भरला की बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणावे लागते. अशा वेळी घरच्या औषधाला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. रस्ता नसतो तेथे तेच हाताशी असते. सुइणीचे कौशल्यही तुच्छ नव्हे. बाळंतिणीला धीर देणे, तिला चालते ठेवणे, तिच्याशेजारी रात्रभर बसणे हे तिने केले. अडलेल्या बाळंतपणात शस्त्रक्रिया करणारे मात्र तिच्यामागे कोणी नव्हते. आनंदीबाईंना नेमकी हीच उणीव भरून काढायची होती.

मायदेशी परत आणि मृत्यू

पदवीनंतर कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी आनंदीबाईंची नेमणूक केली. हे रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. तोवर त्यांचा क्षय बळावला होता. दरम्यान अमेरिकेत येऊन पोहोचलेल्या गोपाळरावांसह त्या ऑक्टोबर १८८६ मध्ये निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांच्यावर बहिष्कार पडेल अशी भीती होती, पण प्रत्यक्षात अनेकांनी त्यांचे स्वागत केले. कोल्हापूरला रुजू होण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. उपचारांसाठी त्यांना पुण्याला नेण्यात आले. तेथेच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी, त्यांचे निधन झाले. ज्या नोकरीसाठी त्या आल्या होत्या, तेथील एकही रुग्ण त्यांनी तपासला नाही.

त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

चरित्रे आणि स्मृती

कॅरोलाइन हिली डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी चरित्र लिहिले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे मराठीतील आरंभीच्या चरित्रांपैकी एक आहे. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी (१९६८) सर्वाधिक वाचली गेली. तिच्यावर नाटक आले, आणि २०१९ मध्ये समीर विद्वांस यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा चित्रपटही आला. कादंबरीतील प्रसंग इतिहास म्हणून उद्धृत करण्याची सवय मात्र वाचकांनी टाळावी. अंजली कीर्तने यांनी मूळ साधने शोधून लिहिलेले चरित्र त्यासाठी अधिक भरवशाचे आहे. ज्या महाविद्यालयातून आनंदीबाई बाहेर पडल्या, तेथूनच १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर या आणखी एका मराठी भाषक स्त्रीने पदवी घेतली. लंडनहून परतलेल्या रखमाबाईंनी १८९० च्या दशकात सुरतेत स्त्री-रुग्णालयाचे काम हाती घेतले. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.